भरल्या गाडीचं माप

एक हजार तीनशे चौतीस मिलिमीटर. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, मे महिन्याच्या पानामागे, मी हा आकडा दरवर्षी एकदा लिहिते. पानाच्या पुढच्या बाजूला दुधाच्या खुणा, गॅसची तारीख आणि पाणी न येण्याचे दिवस असतात. मागे हा एकच आकडा. गेली सात वर्षं तो बदललेला नाही, आणि बदलायला काही कारणही नाही. तरी लिहिते.

यंदा त्याची आठवण जिन्याने करून दिली. आम्ही बदलापुरात मांजर्लीला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या सहाव्या पायरीशी भिंतीवर एक बारीक रेघ आहे. नदीचं पाणी आत शिरलं त्या वर्षी ती मी पेन्सिलीने ओढली, आणि नंतर दोनदा रंग देताना सोसायटीला तेवढी जागा सोडायला लावली. त्या रेघेच्या खाली, तिसऱ्या पायरीवर, गेल्या आठवड्यात एक चिरडलेलं जांभूळ दिसलं. कुणाच्या तरी पिशवीतून पडलं असणार. पुसलं, डाग राहिला. जांभळाचा डाग पहिल्या दिवशी जांभळा असतो, दुसऱ्या दिवशी निळसर, आठवड्याने करडा. पुढे तो तिथे आहे हे फक्त पुसणाऱ्याला माहीत असतं.

जांभळाचा हंगाम फार लहान. बदलापुरात बाहेरून राहायला आलेल्यांना तो स्टेशनाबाहेरच्या टोपल्यांवरून कळतो. पळसाच्या पानावर रचलेला ढीग, त्यावर पाणी शिंपडणारी बाई, आणि पंधरा-वीस दिवसांत ती बाई पुन्हा दिसेनाशी होते. माझं माहेर बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या गावात, म्हणून मला तो झाडावरून कळायचा. जांभळाची फांदी ठिसूळ असते. दिसायला मनगटाएवढी, पण माणसाचं वजन पडलं की आवाज न करता सुटते. त्यामुळे झाडावर चढणारे लोक फांदी हाताने दाबून बघत नाहीत. एक पाय खोडावर ठेवून दुसऱ्या पायाचं पूर्ण वजन फांदीवर टाकतात, आणि मगच पुढे जातात. लहानपणी हे शंभरदा पाहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला माझी एक चूक करावी लागली.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. तेवीस वर्षं झाली. आमच्याकडे मापाची वेगळी खोली आहे, तिथे बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात. लेथवरून आलेला भाग लगेच मोजायचा नाही, काही तास त्या खोलीत नुसता पडू द्यायचा. गरम लोखंडाचं माप वेगळं येतं, थंड लोखंडाचं वेगळं. नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना सांगते, "वस्तू ज्या अवस्थेत असायला हवी, त्या अवस्थेत आणा, मग मोजा." निदान चाळीस मुलींना मी हे सांगितलं असेल. हे वाक्य पुढे लागणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ दिलीप. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. घरी बाबांची जुनी पिकअप गाडी होती, निळी. आम्ही तिला निळीच म्हणायचो. दिलीपने तिच्यावर धंदा सुरू केला. भाजी, भाताची पोती, मांडवाचं सामान, आणि मे महिन्यात धरणाकडच्या पाड्यावरची जांभळं. वर्षभराची इतर कामं कधी यायची, कधी नाही. पाड्याचा हंगाम मात्र धरून होता, आणि पाड्यावरच्या बायका दिलीपला धरून होत्या. त्यांनी दुसरी गाडी बघितली असती तर दिलीपने निळी भंगारात देऊन पुन्हा कुठेतरी तीन पाळ्यांची नोकरी धरली असती. तसं त्याने मला बोलून दाखवलं होतं. त्या वर्षी, म्हणजे सात वर्षांपूर्वी, प्रश्न एवढाच होता, की पाड्याची जांभळं निळीतून जाणार की नाही.

अडचण चढाची होती. पाडा धरणाच्या बाजूला खोलगटात आहे. तिथून वर डांबरी रस्त्यापर्यंत कच्चा चढ. माझ्या पावलांनी तीनशे चाळीस पावलं. निळीचं जुनं डिझेल इंजिन अठ्ठावन्न हॉर्सपॉवरचं, तेही नवं होतं तेव्हा. पंधरा टोपल्या घेऊन पहिल्या गिअरमध्ये तिला तो चढ चढायला चार मिनिटं वीस सेकंद लागायची. मी मोजली आहेत. मधल्या वळणावर काळा धूर, क्लचचा जळका वास, आणि दिलीप खिडकीतून मान बाहेर काढून तिला बाबांच्या आवाजात "चल गं, चल" म्हणायचा. सगळा माल एका खेपेत चढत नसे. मग पहिल्या पंधरा टोपल्या वर रस्त्याच्या कडेला उतरवायच्या, गाडी परत खाली, उरलेल्या घेऊन वर, आणि पुन्हा सगळं भरायचं. यात दीड तास जायचा. पहाटे उतरवलेलं जांभूळ दहा वाजता टोपलीत घामेजतं. बाराला बाजारात पोचलं तर खालचा थर रस झालेला असतो.

पाड्यावरची कर्ती बाई जनीबाई. वय तिला माहीत नव्हतं, मलाही अंदाज करता आला नाही. वाघोबाच्या दगडापुढे हंगामाची पहिली पाटी तिने ठेवल्याशिवाय गाडीत टोपली चढत नसे. दुसरी गोष्ट अशी, की माल एकटा जात नसे. टोपल्या भरल्या की त्यांच्यामधल्या जागेत बायका बसायच्या, आणि चढ संपेपर्यंत दोन्ही हातांनी दोन-दोन टोपल्या धरून ठेवायच्या. माल नेणाऱ्या गाडीत मागे माणसं बसवायची नाहीत, हा नियम मी जनीबाईला सांगितला.

"मग टोपली कोन धरंल?" ती म्हणाली. "तुजा नियम धरंल?"

शेवटी ठरलं ते असं, की फक्त चढापुरतं बसायचं. डांबरी रस्ता आला की सगळ्यांनी उतरायचं, आणि बाजारात जाणाऱ्या दोघींनी पुढे दिलीपशेजारी बसायचं. मला हे पूर्ण पटलं नव्हतं. पण दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं मानलं गेलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये एक नवा पांढरा टेम्पो पाड्यावर येऊन गेला. टेम्पोवाल्याने बायकांना चढ एका दमात चढून दाखवला. रिकामा, पण दाखवला. जनीबाईने दिलीपला निरोप धाडला, "आमची जांभला दोन खेपांत सडतात. यंदा बघ बाबा."

दिलीप त्याच आठवड्यात उल्हासनगरला, कॅम्प दोनला गेला. तिथे परसराम नावाचा मिस्त्री होता. तीन बाजूंनी दुकानं, एका बाजूला गटार, आणि मध्ये बारा फूट रुंदीचं त्याचं गॅरेज. शेजारी जीन्स शिवणाऱ्यांचं दुकान, त्यामुळे जमिनीवर ऑइलबरोबर निळे धागे चिकटलेले असायचे. परसराम साठीचा, सिंधी, गळ्यात चष्मा लोंबकळणारा. तो मला पहिल्या दिवसापासून "अदी" म्हणायला लागला. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं.

त्याच्याकडे मागून चेपलेल्या एका मोठ्या जीपगाडीचं टर्बो इंजिन होतं. एकशे पाच हॉर्सपॉवर. सोबत पाच गिअरचा बॉक्स आणि मागचा जाडजूड डिफरन्शिअल. "सगळा सेट घ्या," तो म्हणाला. "नुसता इंजिन टाकला तर गिअरबॉक्स रडेल. गिअरबॉक्स टाकला तर मागचा अ‍ॅक्सल रडेल. शेवटी तुम्ही येऊन माझ्यापाशी रडाल."

"बॉडी टिकेल का?" मी विचारलं.

"अदी, बॉडी बुढी है, लेकिन हड्डी अच्छी है. आमच्यासारखी."

"तुमची कुठे चांगली आहे, परसूशेठ?" दिलीप म्हणाला. "मघाशी उठताना दोनदा साईंचं नाव घेतलंत."

"साईंचं नाव घेतो म्हणून तर उठतो."

मी मध्ये बोलले, की आधी कागद. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग काम, मग पुस्तकात नव्या इंजिनाचा नंबर. परसरामने माझ्याकडे चष्मा लावून पाहिलं. कॅम्प दोनमध्ये हा क्रम सहसा उलटा असतो, एवढंच तो म्हणाला. पण थांबला. कागद व्हायला सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत दिलीप माझ्याशी नीट बोलत नव्हता. झाडांवर मोहोर येऊन गेला, हिरवी फळं धरली, आणि निळी गॅरेजबाहेर ताडपत्रीखाली उभी होती.

काम सुरू झाल्यावर मी रविवारी तिथे जाऊन बसायचे. जुनं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या जागी दिसलेली पोकळी मला फार मोठी वाटली. आत बाबांचा एक पाना निघाला. कधीतरी हातातून निसटून इंजिनाखालच्या पट्टीवर अडकलेला, गंजून पट्टीला चिकटलेला. दिलीपने तो रॉकेलने पुसला आणि डॅशबोर्डमध्ये ठेवला.

नवं इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, मागचा अ‍ॅक्सल बसला. राहिला तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब दांडा. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत तो नेतो. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे जुना दांडा चालणार नव्हता. तो कापून नव्या मापाचा करायचा होता.

परसराम दोरीने माप घ्यायला निघाला. मी म्हटलं, दोरी नको. पिशवीतून स्टीलची टेप काढली आणि गाडीखाली गेले. गाडी स्टँडवर चढवलेली होती, मागची चाकं काढलेली, अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर लोंबकळत होता. मी तीन वेळा मोजलं. एक हजार तीनशे अकरा, एक हजार तीनशे अकरा, एक हजार तीनशे अकरा. आकडा कागदावर लिहिला, खाली सही केली. सवयीने.

"सही पण!" परसराम म्हणाला. "आता शाफ्टची हिंमत नाही वाकडा चालायची."

दांड्याच्या एका टोकाला दाते असतात. एक नळी दुसरीत सरकते, म्हणजे गाडी खालीवर झाली तरी दांडा थोडा लांब-आखूड होतो आणि निसटत नाही. किती सरकणार याला मर्यादा असते. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात काय अंतर असतं, ते मोजायची टेप मात्र माझ्याकडे नव्हती.

निळी रिकामी चालवून बघितली, तेव्हा अंबरनाथच्या उड्डाणपुलावर ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली. दिलीप हसत होता. मी घड्याळ बघत होते. परसराम मध्ये बसून इंजिनाचा आवाज ऐकत होता, कीर्तनात बसल्यासारखा.

"अदी, इंजिन बदली करना कोई बात नहीं," तो म्हणाला. "त्याचा जोर चाकापर्यंत न्यायचा, ते खरं काम."

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी सुट्टी घेऊन पाड्यावर गेले. सकाळचे सात वाजले होते. वाघोबापुढे पाटी ठेवून झाली होती. दगडाला शेंदूर नवा, त्यावर एक जांभूळ फुटून ओघळ आलेला. अठ्ठावीस टोपल्या निळीत एका वेळी चढल्या. टोपल्यांमध्ये अकरा बायका. जनीबाई सगळ्यांत मागे, फळीला टेकून. ती फळीला धरायची नाही, टोपली धरायची.

मी चढाच्या माथ्यावर घड्याळ घेऊन उभी होते. पहिलं वळण निळीने दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं. धूर नाही, वास नाही. मधल्या वळणावर दिलीपने जोर दिला, आणि गाडीच्या पोटातून एक आवाज आला. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. त्यानंतर इंजिन मोठ्याने ओरडलं, पण गाडी थांबली. मग मागे सरकायला लागली. दिलीपने ब्रेक दाबला, हातब्रेक ओढला. गाडी सात पावलं मागे येऊन एका दगडाला चाक टेकून उभी राहिली. ती सात पावलं मी नंतर मोजली. तेव्हा मोजायचं सुचलं नव्हतं.

बायका एकेक करून उतरल्या. चार टोपल्या आडव्या झाल्या होत्या, आणि फळीच्या फटीतून रस चढावर ठिबकत होता. जनीबाई शेवटी उतरली. तिच्या लुगड्याचा पुढचा भाग पूर्ण जांभळा झाला होता. तिने गाडीकडे बघितलंही नाही. एक टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि चढ चढायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. उरलेली सगळी जांभळं त्या दिवशी डोक्यावरून वर गेली, आणि वर रस्त्यावर पांढऱ्या टेम्पोची वाट बघत बसली. टेम्पो आला. भरला. गेला.

जाताना जनीबाई दिलीपला म्हणाली, "उद्याचा माल पन त्याला. परवा सकाली तुजी गाडी चढली तर हंगाम तुजा. नाय चढली तर नको येऊस."

दिलीप गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "शाफ्ट निसटलाय. दाते खल्लास. त्या परश्याला सोडत नाही मी. जुनं लोखंड घातलं असणार साल्याने."

मी खाली वाकून बघितलं. दांड्याचे दाते टोकाकडच्या दोन बोटांत पार सपाट झाले होते. त्यापुढचे दाते नव्यासारखे, ग्रीस लागलेले. म्हणजे लोखंड चांगलं होतं. दाते एकमेकांत फक्त दोन बोटंच उरले होते, आणि सगळा जोर त्या दोन बोटांवर आला होता. गाडी स्टँडवर असताना अ‍ॅक्सल लोंबकळत होता. भार पडला की पाट्या सपाट होतात, अ‍ॅक्सल वर येतो आणि मागेही सरकतो. दांडा तेवढा आखूड पडतो. जुन्या इंजिनाने कदाचित हे चालवून घेतलं असतं, त्याच्यात दाते खाण्याएवढा जोरच नव्हता. नव्याने पहिल्याच चढावर चूक दाखवली.

मोबाइलला रेंज यायला आम्हाला चढाच्या माथ्यावर जावं लागलं. दिलीप परसरामला फोन लावत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला. तेवढा वेळ मला माझ्याच सहीचा कागद दिसत होता.

"परसूशेठ, माप माझं चुकलं," मी सांगितलं. "गाडी लोंबकळत असताना घेतलं."

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"तुमचा चुकला, तर माझा पण चुकला," तो म्हणाला. "चाळीस साल का मिस्त्री हूं. तुमची टेप बघितली, सही बघितली, मी पण खुश होऊन गप्प बसलो. आता एक काम करा. गाडीत रोज बसतो तेवढा वजन ठेवा. चाकं जमिनीवर. मग माप घ्या आणि शाफ्ट घेऊन या. रात्रीच्या आत देतो."

दिलीप माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "भांडायचं तर माझ्याशी भांड."

"तुझ्याशी काय भांडणार?" तो म्हणाला. "तू तर तीनदा मोजलं होतंस."

हे वाक्य त्याने रागाने म्हटलं, की माझ्या बाजूने, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

वजन कुठून आणायचं, हा प्रश्न होता. जांभळं गेली होती. मे महिन्यात पाड्यावर भाताची पोती नसतात. निळी हळूहळू मागे सोडत आम्ही चढाच्या पायथ्याशी सपाट जागेत आणली. बायका टेम्पो भरून पाड्यावर परतल्या होत्या. मी जनीबाईला गाठलं आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. लोंबकळणारी गाडी मोजली, भरलेली मोजायला हवी होती.

ती ऐकत होती. "म्हंजे रिकामी मोजलीस."

"हो."

"आनि चढवलंस आमाला."

"हो."

तिने मागे वळून बायकांना हाक मारली. "चला गं, बसा परत. बाय आपल्याला मोजते."

उद्याच्या मालासाठी ठेवलेल्या रिकाम्या टोपल्यांत धरणाकाठचे गोटे भरले. मी ताणकाट्यावर एक टोपली सतरा किलोची करून दिली, बाकीच्या बायकांनी तिच्या अंदाजाने भरल्या. सहा टोपल्या मी पुन्हा काट्याला लावून बघितल्या, अर्ध्या किलोच्या आत होत्या. मग अकरा बायका, सकाळी बसल्या होत्या त्याच जागी. मी प्रत्येकीला वजन विचारायला लागले, कारण बेरीज एक टनाच्या आत हवी होती.

"मना काय म्हाईत?" एक जण म्हणाली. "लग्नात पन कुनी विचारलं नाय."

"तुजं नको विचारू म्हना," दुसरी म्हणाली, "हिच्यापायीच दाते मोडले."

"तुज्यापायी! सकाली दोन भाकऱ्या कोनी खाल्ल्या?"

सगळी गाडी हसायला लागली, आणि गाडी हसल्याने हलायला लागली. मी खालून ओरडले, "हलू नका!" तर आणखी हसल्या. माझ्या अंदाजाने एकूण नऊशे साठ किलो. गाडीच्या पोटाखाली तापलेल्या ऑइलचा वास होता, जांभळाचा होता, आणि फळीतून गळलेला रस माझ्या कपाळावर पडत होता. डोक्यावर अकरा बायका आणि अठ्ठावीस टोपल्या दगड. दिलीपने टेपचं दुसरं टोक धरलं. त्या वीस अंशांच्या खोलीत मी इतकी वर्षं जे करत आले, तेच मी तिथे करत होते. फरक असा, की इथे वस्तूला योग्य अवस्थेत आणायला अकरा माणसं लागली होती, आणि खरं तर ती माझ्यावर रागावलेली असायला हवी होती.

एक हजार तीनशे चौतीस. तेवीस मिलिमीटरचा फरक. माझ्या करंगळीची दीड पेरं.

परसरामने रात्रीच्या आत म्हटलं होतं, त्याने संध्याकाळी सहालाच दिला. नवे दाते, नवी नळी, तोलून आणलेला. मजुरीचा विषय त्याने हाताने उडवून लावला. दुसरा दिवस शाफ्ट बसवण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अठ्ठावीस टोपल्या चढल्या. बायका चढतील का, याची मला खात्री नव्हती. जनीबाईने आधी एक पाय गाडीच्या फळीवर ठेवला. दुसरा पाय जमिनीवरून उचलला, पूर्ण वजन फळीवर टाकलं, क्षणभर तशीच थांबली. मग आत गेली. तिच्यामागे बाकीच्या दहा.

एक मिनिट पस्तीस सेकंद. दुसरा गिअर, शेवटपर्यंत. माथ्यावर निळी आली तेव्हा दिलीपचा चेहरा घामाने भिजला होता, चार मिनिटं वीस सेकंदांच्या काळात भिजायचा त्यापेक्षा जास्त. जनीबाई उतरली, टोपलीवरचं पान उचलून आत बघितलं.

"लय पलते," ती म्हणाली. "जांभला घाबरली."

आणि दोन बायकांना पुढे बसायची खूण केली. हंगाम दिलीपचा झाला, तो एवढ्यावर.

त्यानंतर निळी पाड्याची जांभळं नेतच राहिली. पांढरा टेम्पो नंतर विटांच्या कामाला लागला असं ऐकलं. परसरामचं गॅरेज आता त्याचा पुतण्या बघतो, परसराम खुर्चीवर बसून आवाज ऐकतो. त्याच्या भिंतीवर माझ्या सहीचा तो कागद अजून आहे, एक हजार तीनशे अकरावाला. काढा म्हटलं तर म्हणतो, "राहू द्या, अदी. नवीन मिस्त्र्यांना दाखवतो, सही असली तरी खाली वाकून बघायचं."

पुढच्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी मी सहज पाड्यावर गेले होते. वाघोबापुढे पाटी ठेवून झाली, टोपल्या चढल्या, बायका बसल्या, आणि गाडी निघेना. दिलीप स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होता. मी विचारलं काय झालं. जनीबाई वरून म्हणाली, "मोज ना. मोजल्याबिगर कशी जाईल?"

मी समजावलं. एकदा बसवलेला दांडा वर्षभरात वाढत नाही, घटत नाही. पुन्हा मोजायची गरज नाही. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी टेप काढली, खाली गेले, दिलीप उतरून दुसरं टोक धरायला आला. एक हजार तीनशे चौतीस. मोठ्याने सांगितलं. "बराबर हाय?" वरून विचारणा झाली. "बरोबर," मी म्हटलं. मग गाडी निघाली. तेव्हापासून दरवर्षी असंच चालू आहे. आधी वाघोबा, मग टोपल्या, मग माप. पाड्यावरच्या लहान पोरींना वाटतं हे पहिल्यापासूनच असणार. या मापाचा काहीही उपयोग नाही, हे मी कुणालाही लिहून द्यायला तयार आहे.

गेल्या रविवारी यंदाचा पहिला दिवस होता. जिन्यावरच्या डागानंतर चार दिवसांनी. जनीबाईचे गुडघे आता वळत नाहीत. ती वाघोबापर्यंत चालत आली, पाटी ठेवली, पण गाडीपाशी येऊन फळीला हात लावून उभी राहिली. दहा बायका वर बसल्या होत्या. मागची तिची जागा रिकामी होती, दोन टोपल्या धरायला कुणी नव्हतं. मी पिशवीतून टेप काढत होते.

"यंदा तू बस," ती मला म्हणाली.

"मी? मग मोजणार कोण?"

"त्याला दे." तिने दिलीपकडे हनुवटी केली. "सात साल झाली, आमाला सगल्यांना मोजतेस. तुजं वजन कवा धरलंस?"

बायका हसल्या. मी वजन सांगितलं, एकसष्ट किलो, तर आणखी हसल्या. कुणीतरी वरून हात दिला. मी फळीवर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलायच्या आधी थोडी थांबले. मग आत गेले. टोपल्या सगळीकडून अंगाला टेकत होत्या. पळसाच्या पानांखाली फळं अजून रात्रीइतकी गार होती. मागे फळीला टेकून बसले आणि दोन टोपल्या धरल्या. बोटं लगेच जांभळी झाली.

खाली दिलीप आणि यंदा त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको गाडीच्या पोटाखाली शिरल्याचा आवाज आला. टेप सरकल्याचा आवाज. मला इथून काहीच दिसत नव्हतं, ना दांडा, ना टेप, ना कुणी ती सरळ धरली आहे की नाही. जनीबाई चाकाशी उभी होती.

"तेराशे चौतीस!" दिलीप खालून ओरडला.

"किती वेळा मोजलंस?" मी विचारलं.

"एकदा."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग जनीबाईने विचारलं, "बराबर हाय?"

"बरोबर," मी म्हटलं.

चढ संपल्यावर उतरले, घरी आले, हात धुतले. मग कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटून मागे आकडा लिहिला. शेजारी कंसात, दिलीपने मोजलं, असं लिहावं का, याचा विचार केला. नाही लिहिलं.